गुरुवारचं विमान

४ जानेवारी

धडामकाका,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच आहे. नाहीतर मी इकडून रडले असते आणि तुम्ही तिकडून "काय? काय म्हणालीस?" करत बसला असतात.

तुमचं जुनं विमान भंगारात न घालता प्रशिक्षण शाळेच्या फाटकापाशी चौथऱ्यावर उभं करणार, त्यावर बाबांचं नाव लिहिणार, आणि वीस मार्चला घरच्यांपैकी कुणीतरी त्यांची पानभर आठवण वाचायची, हे सगळं वाचून मी दुकानातच मटकन बसले. घरचं कुणीतरी म्हणजे आता मीच. आईला जाऊन आठ महिने झाले.

पानभर म्हणजे किती सोपं, असं वाटलं होतं. कागद घेऊन बसले तर काही सुचेना. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची. त्यातली पहिली आठ वर्षं हवाई दलाच्या तळावरच्या क्वार्टरमध्ये गेली. तिथे दिवसभर विमानं उठायची-बसायची, त्यातलं बाबांचं कुठलं ते कुणाला कळणार? मग आईला शाळेत नोकरी लागली, आम्ही दोघी या गावात आलो आणि बाबा शनिवारी बसने यायचे, सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे माझे बाबा हे मुख्यतः हातात पिशवी घेऊन बसमधून उतरणारे गृहस्थ. वैमानिक ते फक्त गुरुवारी असायचे.

तेच लिहिलंय. दर गुरुवारी पावणेदहाच्या सुमारास डोंगरातल्या चौक्यांना सामान टाकायला जाणारं विमान आमच्या गच्चीवरून जायचं. माझी शाळा दुपारची. मी नऊपासून गच्चीवर. विमान खाली यायचं, आधी डावा पंख, मग उजवा, असं दोनदा डुलायचं आणि जायचं. मी हात दुखेपर्यंत हलवायचे. आई कधीच वर आली नाही, भाजी चिरत बसायची. त्याचा मला फार राग यायचा. शनिवारी बाबांना विचारायचे, "मी दिसले?" तर म्हणायचे, "निळा फ्रॉक. आणि एकाच पायात चप्पल." अगदी बरोबर! पुढच्या शनिवारी, "परवा वेणी एकच घातली होतीस." तेही बरोबर.

काका, बाबा आकाशात असतानाची माझ्याकडे एवढी एकच गोष्ट आहे. आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासल्या, लोकांना लांबचं दिसावं म्हणून. मला मात्र डोळे मिटले की तेच विमान दिसतं. सोबत पान जोडलंय. वाचून सांगा, समितीला चालेल ना?

तुमची,
ठकी

१३ जानेवारी

ठकी,

तुझं अक्षर बापावर गेलेलं नाही, देवाची कृपा. त्याचं अक्षर हवामान खात्यालासुद्धा लागायचं नाही.

समिती म्हणजे मी आणि आणखी दोन म्हातारे. एकाला दिसत नाही, एकाला आठवत नाही आणि मला ऐकू येत नाही. तिघं मिळून एक धड माणूस होतो. तेव्हा समितीची काळजी नको.

पान चांगलं आहे. पण माझी एक सूचना आहे. गुरुवारचं काढून टाक. त्याऐवजी त्याची खरी कामगिरी लिही. ती मी सांगतो.

त्याला सगळे 'लोणी' म्हणायचे हे तुला ठाऊक आहे. का, ते ठाऊक नसेल. तो विमान उतरवायचा तेव्हा मागे झोपलेल्या जवानांना हलवून उठवावं लागायचं. उतरलोय हे त्यांना कळायचंच नाही. मी उतरवलं की कुणाला उठवावं लागायचं नाही. म्हणून मी धडाम.

डोंगरातली एक धावपट्टी होती, आखूड, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. एकदा आम्ही बावीस आजारी माणसं घ्यायला गेलो आणि दरीत धुकं भरलं. मी शेजारच्या खुर्चीत. म्हणालो, परत फिरू. तो म्हणाला, "घड्याळ धर." आणि मोजायला लागला. नदीच्या वळणापासून एकवीस सेकंद सरळ, मग डावीकडे, मग चौदा सेकंद. ते आकडे त्याने आधीच्या स्वच्छ दिवसांत, गरज नसताना, मोजून ठेवले होते. चौदा म्हणताक्षणी धुक्यातून पट्टी वर आली. मी अजून घड्याळच धरून बसलो होतो. तो खाली उतरून विचारतो, चहा कुठे मिळेल? बावीसच्या बावीस माणसं घरी पोचली. असं उडवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

हे लिही. गुरुवारचं नको. थंडी फार आहे, गुडघे बोलतात.

काका

२० जानेवारी

धडामकाका,

दरीची गोष्ट वाचताना श्वास रोखून धरला होता. ती घेणारच. पण गुरुवारचं का काढायचं ते तुम्ही लिहिलंच नाही. शेवटी गुडघ्यांची तक्रार, आणि त्यावर एक शब्द नाही!

मला वाटतं कारण मला कळलंय. सरकारी विमान घराच्या गच्चीवरून खाली आणून डुलवायचं, हे नियमात बसत नसणार. आणि तुम्हाला भीती की तिथे बसलेले बडे अधिकारी भुवया वर करतील. अहो काका, चाळीस वर्षं झाली. आता कुणाला शिक्षा करणार आहेत, चौथऱ्याला? की हेवा वाटतो तुम्हाला, की तुमच्यासाठी कुणी गच्चीवर चढलं नाही?

चेष्टा करतेय. रागावू नका. पण ते मी काढणार नाही. दरीतले बाबा तुमचे आहेत. मी त्यांना तिथे पाहिलेलं नाही. माझे बाबा शनिवारी दारात उभे राहून, मान एका बाजूला कलती करून माझ्याकडे बघायचे, जसं काही मी भिंतीवरचं चित्र आहे आणि ते जरा वाकडं लागलंय. चहा ओतताना माझ्याकडे बघून एक डोळा मिटायचे. मीही मिटायचे. आमची ती खूण होती. असे बाबा आणि गुरुवारचं विमान, एवढंच माझ्या वाट्याला आलंय. त्यातलं अर्धं तुम्ही मागताय.

ठकी

२८ जानेवारी

ठकी,

हो, नियमाचंच आहे. तू हुशार आहेस, बरोबर ओळखलंस. त्या दिवशी मोठे लोक असतील, उगाच कशाला. पण तुला ठेवायचंच असेल तर ठेव. मी कोण अडवणारा.

हेवाबिवा नाही.

काका

२ मार्च

काका,

महिनाभर पत्र लिहिलं नाही कारण आईचं कपाट आवरायला काढलं होतं. नऊ महिने टाळलं, शेवटी म्हटलं समारंभाच्या आधी उरकावं.

तळाच्या खणात शालीच्या घडीत डबीसकट एक चष्मा सापडला. पुरुषाचा, काळी जाड फ्रेम. बाबांना चष्मा नव्हता. निदान मी त्यांच्या डोळ्यांवर कधी पाहिला नव्हता. घरात हाताशी चष्मा आला की मी त्याचा नंबर बघते, ही माझी खोड. दुकानात नेऊन यंत्रावर ठेवला. काच सरळ धरली की यंत्रातली फुली मधोमध यायला हवी. ती वर सरकली. मला वाटलं, मीच वाकडी धरली. पुन्हा ठेवली. पुन्हा वर.

तुम्हाला सांगते ती काच कसली असते. त्यात प्रिझम असतो, एका कडेला जाड. जवळचं-लांबचं दिसत नाही म्हणून तो देत नाहीत. ज्याचे दोन डोळे एका रेषेत बघत नाहीत, ज्याला एकाचे दोन दिसतात, त्याला देतात. डबीत दुकानाची चिठ्ठी होती, बाबांच्या नावाची. तारीख बघितली. मी साडेआठ वर्षांची होते. आम्ही या गावात यायच्या तीन आठवडे आधीची.

अशी एक तरी व्यक्ती दर आठवड्याला माझ्यासमोर स्टुलावर बसते, काका. मान कलती करून बसते, कारण तशी धरली की दोन चित्रं एक होतात. कपात ओतायचं असेल तर एक डोळा मिटते, नाहीतर चहा बशीत जातो. हे मी शिकाऊ मुलींना शिकवते. पंचवीस वर्षं शिकवतेय. आणि एकदाही, एकदाही मला बाबा आठवले नाहीत. मी त्याला खूण समजत होते.

मी समजत होते की बाबांना घेऊन गेला तो आजार फक्त शेवटच्या सहा महिन्यांचा. तो त्याच्या अडीच वर्षं आधी सुरू झाला होता.

आता सरळ विचारते, सरळ सांगा. ज्याला एकाचे दोन दिसतात त्याला कुणी विमान चालवायला देत नाही. मग माझ्या गच्चीवरून कोण जात होतं?

ठकी

६ मार्च

ठकी,

मी.

अडीच वर्षं, दर गुरुवारी, मीच चालवत होतो. पंख मी हलवायचो. त्याने शपथ घातली होती की पोरीला कळू द्यायचं नाही. "तिच्या डोक्यात मी उडतोय, उडू दे." क्वार्टरमध्ये राहिलात तर शेजारची पोरं चार दिवसांत तोंड उघडतील म्हणून तुम्हाला तिकडे पाठवलं. तुझ्या आईने त्या गावातली नोकरी मुद्दाम शोधली. ती वर का येत नव्हती ते आता कळलं असेल. तिला तोंडावर खोटं आणता यायचं नाही.

मी तुझं पान वाचलं आणि माझी पाचावर धारण बसली. तुझ्या तोंडून ते चारशे लोकांसमोर ऐकायचं आणि टाळ्या वाजवायच्या, हे मला जमेना. खरं सांगणंही जमेना. म्हणून गुडघे.

हात चालत नाही. एवढंच लिहितो. माफ कर.

काका

१० मार्च

काका,

तुमच्यावर रागावण्याचं काही कारण नाही हे मला समजतं. तरीही रागावलेय.

अडीच वर्षं मी तुम्हाला हात हलवले. पाऊस असला तरी छत्री घेऊन उभी राहिले, ताप आला तरी आईचा डोळा चुकवून वर गेले, तुमच्यासाठी! आणि बाबा त्या वेळी कुठल्यातरी ऑफिसात खुर्चीत बसून कागद चाळत असतील. निळा फ्रॉक, एक चप्पल, एक वेणी, हे सगळं तुम्हीच बघून त्यांना सांगत असणार, आणि ते शनिवारी येऊन मला पाठ म्हणून दाखवत असणार. किती छान बसवलंत तुम्ही दोघांनी नाटक. मी एकटी प्रेक्षक, तीही फुकटात रडणारी.

माझं लग्न झालं तेव्हा, आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा, दुकान सुरू केलं तेव्हा, दर वेळी मी मनातल्या मनात त्या गच्चीवर जाऊन उभी राहिले आहे. बाबांनी मला वरून बघितलंय, मी त्यांना दिसलेय, एवढ्या एका गोष्टीवर मी पन्नाशी गाठली. आता तिथे गेले तर वर तुम्ही आहात. तुम्ही चांगले आहात हो. पण तुम्ही बाबा नाही.

वीस तारखेला मी येणार नाही. आले तर वाचू काय? दरीची गोष्ट तुम्हीच वाचा.

ठकी

१४ मार्च

ठकी,

तुझं पत्र काल दुपारी आलं. बायकोने दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं, कारण मला डोळ्यांनी वाचवेना. मग ती म्हणाली, "अहो, तुम्ही तिला अर्धंच सांगितलंय. ती पोर समजतेय तो तिथे नव्हताच." मी गाढव आहे. शपथ मोडली याची एवढी लाज वाटली की मुख्य गोष्ट लिहायचीच राहिली.

तू मला सांग, मला तुझी चप्पल कशी दिसणार? जो चालवतो त्याला समोर बघावं लागतं. तुझ्या गच्चीपुढे पाण्याची टाकी होती आणि टाकीपुढे तारा. मला त्या अडीच वर्षांत एकदासुद्धा तू धड दिसली नाहीस. गच्चीवर काहीतरी हलतंय एवढंच कळायचं. ते वाळत घातलेलं धोतरही असू शकलं असतं.

तो मागे होता.

उडणं बंद झालं तेव्हा त्याला ऑफिसात चांगली जागा देत होते, पंखा, खिडकी, शिपाई. त्याने नको म्हटलं. डोंगरात जाणारी पोती विमानात बसून कुणीतरी मोजावी लागायची, ते काम मागून घेतलं. साहेबांना वाटलं याचं डोकं फिरलं. आमच्यातला सगळ्यात चांगला वैमानिक, आणि बटाट्याच्या पोत्यांमध्ये पाटी-पेन्सिल घेऊन बसायचा. पोरं हसायची. मग हसेनाशी झाली, कारण एक दिवस कुणीतरी त्याला गुरुवारी बघितलं.

तुमचं गाव जवळ आलं की तो पोत्यांवरून चढून डाव्या खिडकीशी जायचा आणि तिथून मला ओरडून सांगायचा. "अजून खाली. टाकी सांभाळ. आता! हळू रे, पंख हलव, पोरीचं काळीज नको हलवू." माझ्या हातात फक्त दांडा होता. उडवत तोच होता. माझ्यासारखा धडाम माणूस तसं डुलवेल का, तूच विचार कर. आधी डावा, मग उजवा, सावकाश. ती त्याची पद्धत. मला ती शिकवायला त्याने दोन महिने घेतले आणि शिव्या किती दिल्या ते लिहीत नाही.

आणि चालवत असता तर त्याला तू दिसली नसतीस. हे त्यानेच मला सांगितलं. आधीची आठ वर्षं तो तुमच्या क्वार्टरवरून हजारदा गेला, त्याला छप्परसुद्धा नीट आठवत नव्हतं. "आता कुठे बघायला वेळ मिळाला," म्हणायचा. तुझा फ्रॉक, तुझी वेणी, सगळं त्याने त्याच्या डोळ्यांनी बघितलंय. चष्मा लावून. तो चष्मा तो तेवढ्यासाठीच वापरायचा.

आणखी एक आहे. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. एकदा शेजारच्याच्या हाती विमान देऊन मी मागे वळून बघितलं. तू मागे पडत चालली होतीस आणि याने चष्मा काढून खिशात घातला होता. मी ओरडलो, "अरे लावून बघ ना, चष्म्याशिवाय तुला दोन दिसतात!" तो खिडकीतून तोंड न वळवता म्हणाला, "म्हणून तर काढला. चष्म्यातून एकच दिसते. एकीने माझं भागत नाही."

दर गुरुवारी तो तेच करायचा. आधी लावून नीट बघायचा, मग काढून.

सोबत एक फोटो पाठवतोय. आमच्या यंत्र-दुरुस्तीवाल्याने धावपट्टीवरून काढलेला. तोच आहे खिडकीत. बघ आणि वाटलं तर ये. नाही आलीस तरी चालेल, पण आलीस तर फार बरं वाटेल.

काका

१७ मार्च

काका,

येतेय. एकोणीसच्या संध्याकाळी पोचेन. काकूंना सांगा, मला मोठ्याने बोलायची सवय आहे, तुम्हाला ऐकू येईल.

पान तेच आहे. एकच वाक्य बदललं. 'बाबा ते विमान चालवायचे' असं लिहिलं होतं, तिथे 'बाबा त्या विमानात असायचे' केलंय. दरीची गोष्ट तुम्ही वाचायची. त्यांच्या शिव्या वगळून.

तुमचं पत्र दुकानात उघडलं. फोटो फार लहान आहे हो, नखाएवढी खिडकी आणि त्यात मान कलती केलेला चेहरा. पण बाबाच. मी तो काउंटरवर ठेवला आणि मग मला जे इतके दिवस सुचलं नाही ते सुचलं. तो चष्मा मी यंत्रावर दहा वेळा ठेवला, नाकावर एकदाही नाही. एवढा मोठा प्रिझम धडधाकट डोळ्यांवर चढवला तर उलटं होतं, एकाचे दोन दिसायला लागतात. हे पोरींना मीच शिकवते.

लावला. फोटोत दोन बाबा. एक जरा वर, एक जरा खाली. दोघेही खिडकीतून खाली बघत होते.

समोर गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत होतं. मी दोनदा "आले हं" म्हटलं आणि तशीच बसून राहिले. डोकं दुखायला लागलं तरी चष्मा काढवेना. माझंही एकाने भागत नाही, काका.

ठकी